पाण्याला दिसणारं ठाणं वेगळं बांधा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनमध्ये, त्याच्या युआरपी नावाच्या चित्र काढणाऱ्या व्यवस्थेत, तुम्ही एकटेच मोबाइलसाठी गेम करताय. जागा ठाण्याची तलावपाळी, वेळ पावसाळ्यातली रात्र. मासुंदा तलावात पलीकडच्या इमारती, दिवे आणि बोटी दिसाव्यात म्हणून पाण्याखाली उलटा कॅमेरा लावलात, तर सेकंदाला ६० फ्रेम्सवर चालणारा गेम २० ते ३०च्या मध्ये अडखळायला लागला. मग तयार मिळालेलं एसएसआर, म्हणजे स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन, घालून पाहिलंत. त्यात कॅमेरा जरा खाली झुकला की समोरच्या इमारतींचं प्रतिबिंब कापल्यासारखं नाहीसं होतं. शेजारचा ओला रस्ता अजून व्हायचाच आहे. आणि शेवटी विचारलंत, रे ट्रेसिंगशिवाय, म्हणजे प्रकाशाचे किरण प्रत्यक्ष मोजल्याशिवाय, हे होणारच नाही का?

होतं, आणि साध्या फोनवरही होतं. मी एवढी वर्षं ऐरोली-महापे पट्ट्यात बसून गेम्सचं ग्राफिक्स लिहितोय, आणि प्रतिबिंबाचं काम जिथे जिथे अडलेलं पाहिलं तिथे बहुतेक वेळा कारण एकच होतं. खेळणाऱ्याला जे जग दिसतं तेच, तसंच्या तसं, पाण्यालाही दाखवायचा आग्रह. पाण्याला तेवढं लागत नाही. प्रतिबिंब बरोबर आहे का हे कोणी मोजून पाहत नाही. पण ते नसलं, सरकलं किंवा मधेच उडालं तर लहान मूलही ओळखतं. म्हणून खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे ठरवणं हेच खरं काम आहे.

तुमचा कॅमेरा किती उंचावर आहे आणि किती झुकलेला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. पाणी सरळ वरून पाहिलं तर त्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के परत फिरतो. ४५ अंशांतून पाहिलं तरी हा आकडा ३ टक्क्यांच्या आतच राहतो. मात्र काठावर उभं राहून वीसेक मीटर लांबचं पाणी पाहिलं, तर निम्म्याहून जास्त प्रकाश परावर्तित होतो. याला फ्रेनेल परिणाम म्हणतात, आणि १९९४ साली क्रिस्टोफ श्लिकने दिलेलं त्याचं सोपं सूत्र आज जवळपास प्रत्येक गेमच्या शेडरमध्ये, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, सापडतं. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा: तुमचा गेम वरून तिरक्या नजरेने दिसणारा असेल, तर रात्रीच्या अंधाऱ्या इमारतींचे ३ टक्के म्हणजे काळोखच. तिथे इमारतींचं प्रतिबिंब काढण्यात एक मिलिसेकंदही घालवू नका. फक्त दिवे काढा, कारण दिवा इतका तेजस्वी असतो की त्याचे ३ टक्केसुद्धा डोळ्यात भरतात. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असेल तर पुढचं सगळं वाचा.

आता दुसऱ्या कॅमेऱ्याने फ्रेमरेट का खाल्ला ते पाहू. आधी फ्रेम्समध्ये बोलणं सोडा, मिलिसेकंदांत बोला. ६० फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ही मर्यादा थोडीशी जरी ओलांडली तरी फोन पुढच्या ठोक्याची वाट पाहतो आणि तुम्ही थेट ३०वर येता. म्हणजे नुसत्या फ्रेमरेटवरून खरा खर्च कळत नाही, कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारा प्रोफायलरच उघडावा लागतो.

मग एक सोपी चाचणी करा. प्रतिबिंबाच्या टेक्श्चरचा, म्हणजे ते ज्या चित्रात साठतं त्याचा, आकार ६४ बाय ६४ करा. दिसेल भयंकर, पण वेळ किती उतरतो ते बघा. खूप उतरला, तर तुमचा खर्च पिक्सेलवर होतोय, आणि रिझोल्यूशन कमी करणं हा खरा उपाय आहे: १९२० बाय १०८०ऐवजी ९६० बाय ५४० केलं की पिक्सेल एक चतुर्थांश होतात. पण वेळ जवळपास तेवढाच राहिला, तर खर्च वस्तूंच्या संख्येवर होतोय. प्रत्येक खिडकी, प्रत्येक रेलिंग, प्रत्येक टपरी दुसऱ्यांदा काढायला प्रोसेसरला जो हुकूम द्यावा लागतो, तो ड्रॉ कॉल आकार कमी केल्याने कमी होत नाही. एकट्याने केलेल्या गेममध्ये मला हा दुसरा प्रकारच जास्त दिसतो, आणि लोक मात्र रिझोल्यूशन उतरवत बसतात.

शिवाय युआरपीमध्ये दुसरा कॅमेरा एकटा येत नाही. त्याच्यासाठी सावल्यांचे नकाशे पुन्हा काढले जातात, पोस्ट प्रोसेसिंग, म्हणजे चित्र तयार झाल्यावरचे रंग-चमकेचे संस्कार, चालू राहिलं असेल तर तेही पुन्हा होतं, डेप्थ टेक्श्चर (प्रत्येक पिक्सेलचं अंतर) आणि ओपेक टेक्श्चर (पारदर्शक वस्तू काढण्याआधीचं चित्र) यांच्या प्रती वेगळ्या बनतात. त्या कॅमेऱ्यावर हे चारही बंद करा. पाण्यातल्या इमारतीवर दुसऱ्या इमारतीची सावली पडली की नाही, हे पावसाळी रात्री कोणालाही कळणार नाही. आणि तलाव नजरेच्या टप्प्यात नसेल तेव्हा तो कॅमेराच बंद ठेवा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

एसएसआरबद्दल तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे, त्यात तुमची काही चूक नाही. ही पद्धत पडद्यावर आधीच काढलेल्या चित्रातच प्रतिबिंब शोधते: पाण्याच्या पिक्सेलपासून किरण सोडायचा, डेप्थ बफरमध्ये पावलापावलाने पुढे जायचं, कुठे आदळला तर तिथला रंग उचलायचा. जे पडद्यावर नाही ते तिला माहीतच नाही. तुम्ही कॅमेरा खाली झुकवलात, इमारतीचे वरचे मजले पडद्याबाहेर गेले, आणि पाण्यात नेमके तेच मजले दिसायला हवे होते. तलावासारख्या मोठ्या सपाट पाण्याला ही पद्धत म्हणूनच सर्वांत जास्त दगा देते. ती चांगली चालते ती जवळच्या स्पर्शाला, म्हणजे फरशीवर ठेवलेला स्टूल किंवा रस्त्याला टेकलेलं टायर. २०११मध्ये क्रायसिस २च्या डायरेक्टएक्स ११ अपडेटमध्ये ती आली आणि मग सगळीकडे पसरली, पण तेव्हाही जिथे किरण हुकेल तिथे खाली क्यूबमॅप, म्हणजे भोवतालचं सहा बाजूंचं चित्र, हवाच असायचा. त्यात मोबाइलचे ग्राफिक्स चिप चित्र तुकड्यातुकड्यांत, आपल्या आतल्या छोट्या मेमरीत काढतात. एसएसआरला मात्र पूर्ण चित्र आणि पूर्ण डेप्थ बाहेर मुख्य मेमरीत लिहून परत वाचावी लागते. त्या ये-जा करण्यातच बॅटरी आणि वेळ जातो. सपाट पृष्ठभागांसाठी अ‍ॅडम चिहोत्स्कीने २०१७मध्ये उलटा मार्ग मांडला होता: किरण शोधत बसण्याऐवजी प्रत्येक पिक्सेलच आरशातल्या जागी फेकायचा. तो वेगवान आहे, मोबाइलवरही बसवता येतो, पण पडद्याबाहेरचं त्यालाही दिसत नाही. तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून माझं मत: उलटा कॅमेरा ठेवा. फक्त त्याला तुमचं खरं ठाणं दाखवू नका. त्याच्यासाठी दुसरं, गरीब ठाणं बांधा.

गडकरी रंगायतन तुमच्या तलावाच्या काठावरच आहे, तेव्हा उदाहरण तिथलंच घेतो. रंगमंचावरचा वाडा प्रेक्षकांच्या बाजूने रंगवलेला असतो, मागे नुसत्या काठ्या. तुमच्या पाण्यालाही एकाच बाजूने वाडा दिसतो. पलीकडच्या काठावरच्या इमारतींची रांग घ्या. प्रत्येक इमारत म्हणजे एक ठोकळा किंवा नुसता सपाट पत्रा. खिडक्या, ग्रिल, पाट्या, एसीचे डबे सगळं एका चित्रात भाजून टाका, म्हणजे आधीच कायमचं उमटवून ठेवा. ही सगळी चित्रं एकाच अ‍ॅटलस टेक्श्चरवर, म्हणजे एका मोठ्या सामायिक चित्रावर, ठेवा, सगळे ठोकळे एकाच मेशमध्ये, म्हणजे त्रिकोणांच्या एका जाळीत, जोडा. अख्खा काठ एका ड्रॉ कॉलमध्ये निघतो. या मेशला वेगळा लेयर द्या, तो फक्त उलट्या कॅमेऱ्याला दिसेल आणि मुख्य कॅमेऱ्याला दिसणार नाही. खऱ्या इमारतींचं याच्या बरोबर उलट.

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा एक क्यूबमॅप भाजून का टाकू नये? त्यातलं दृश्य अनंत अंतरावर असल्यासारखं वागतं, हे कारण. खेळणारा काठाने चालायला लागला की समोरची इमारत पाण्यात त्याच्याबरोबर चालायला लागते. आकाश आणि येऊरचे डोंगर त्यात बसतात, कारण ते लांबच असतात. खोलीसाठी बॉक्स प्रोजेक्शन, म्हणजे ते चित्र खोलीच्या भिंतींवरच आहे असं धरणं, लावून हा दोष बराच कमी होतो, पण तलावाचा काठ काही चौकोनी खोली नाही. ठोकळ्यांचं गरीब ठाणं मात्र खऱ्याच जागी उभं असतं, म्हणून त्याचं सरकणं आपोआप बरोबर येतं.

ही युक्ती नवी नाही. १९९६च्या सुपर मारियो ६४मध्ये आरशाची एक खोली आहे. आरशापलीकडे खोलीची उलटी प्रतिकृती बांधलेली आहे आणि त्यात दुसरा मारियो चालतो. त्याच वर्षीच्या ड्यूक न्यूकेम ३डीमध्ये आरशामागे मोकळी जागा सोडावी लागायची. यंत्रं बदलली, पण पाण्याला वेगळं जग दाखवण्याचा विचार तेवढाच उपयोगी राहिला. जीटीए ५सारखा प्रचंड बजेटचा गेमसुद्धा गाड्यांवरच्या प्रतिबिंबासाठी दर फ्रेमला जो क्यूबमॅप काढतो, त्याची एक बाजू १२८ बाय १२८ पिक्सेलची आहे, आणि त्यात रस्त्यावरचे लोक, गाड्या काढलेल्याच नसतात. खेळताना ते कोणाच्या लक्षात येत नाही.

गरीब ठाण्यात काय घ्यायचं, काय सोडायचं? पाण्यातली प्रतिमा आपल्या डोळ्याने पाहिलेली नसते, पाण्याखाली तेवढ्याच खोलीवर असलेल्या डोळ्याने पाहिलेली असते. त्यामुळे पलीकडच्या काठाचा कठडा मागच्या वस्तूंना थेट दिसतो त्यापेक्षा जास्त झाकतो. कठड्यामागे उभ्या असलेल्या गाड्या, बाकडी, कुंड्या यांचा खालचा भाग प्रतिबिंबात येतच नाही. त्या बहुतेक सोडून दिल्या तरी चालतं. पाण्याला टेकलेल्या गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत: बोटी, घाटाच्या पायऱ्या, मधल्या बेटाचा काठ. वस्तू आणि तिचं प्रतिबिंब जिथे भेटतात ती रेषा डोळा सर्वांत आधी तपासतो. तिथे दोन पिक्सेलची फट राहिली तर बोट हवेत तरंगल्यासारखी वाटते. म्हणून बोटी मुख्य दृश्यातल्याच, फक्त एक पायरी हलक्या मॉडेलच्या, थेट काढा. बेटाचा आणि त्यावरच्या देवळाचा साधा ठोकळाही याच कॅमेऱ्यात आणि त्याच डेप्थमध्ये असू द्या. नाहीतर बेटामागून जाणारी बोट पाण्यात देवळाच्या पुढे दिसेल.

उलटा कॅमेरा लावताना दोन गोष्टी हमखास राहतात. आरशामुळे त्रिकोणांची दिशा फिरते, म्हणून कलिंग, म्हणजे पाठमोरे त्रिकोण गाळणं, उलटं करावं लागतं. आणि पाण्याच्या पातळीखालचं सगळं छाटावं लागतं, नाहीतर तळ आणि बुडालेल्या पायऱ्या प्रतिबिंबात वर येतात. यासाठी कॅमेऱ्याचं जवळचं प्रतल तिरकं करून पाण्याच्या पातळीवर बसवतात. युनिटीत त्याचं फंक्शन तयार आहे, कॅलक्युलेट ऑब्लिक मॅट्रिक्स या नावाने.

एवढं करून वेळ पुरेसा उतरला नाही तर प्रतिबिंब एक फ्रेम सोडून एक काढा. पण मग नुसत्या पडद्याच्या सहनिर्देशकांवरून टेक्श्चर वाचू नका. ज्या मॅट्रिक्सने, म्हणजे कॅमेऱ्याची जागा आणि कोन सांगणाऱ्या आकड्यांच्या सारणीने, ते चित्र काढलं ती जपून ठेवा आणि पाण्याचा बिंदू तिच्यातून टाकून वाचा. असं केलं की मधल्या फ्रेममध्ये कॅमेरा वळला तरी प्रतिबिंब जागेवरून हलत नाही. कडेला थोडी जागा कमी पडते, म्हणून उलट्या कॅमेऱ्याचा कोन जरा रुंद ठेवा. ही छोटी गोष्ट न केल्यामुळे चांगली दिसणारी पाणी-व्यवस्था थरथरत राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आता दिव्यांकडे येतो, कारण पावसाळी रात्रीचं सगळं सौंदर्य तिथेच आहे. प्रतिबिंबाचं टेक्श्चर साध्या आठ बिटांचं असेल तर दिव्याचं तेज १ वर छाटलं जातं. मग फ्रेनेलने त्याला ०.०३ने गुणलं की दिवा विझतो. पांढरी भिंत आणि सोडियमचा दिवा पाण्यात सारखेच मंद दिसतात, आणि आपण कारण शोधत पाण्याचा रंग बदलत बसतो. एचडीआर स्वरूप वापरा. ११-११-१० बिटांचं स्वरूप आठ बिटांच्या आरजीबीएइतकीच, म्हणजे पिक्सेलला ४ बाइट, जागा घेतं, आणि त्यात १च्या वरचं तेज टिकतं.

पाऊस तुमच्या मदतीला येतो हेही विसरू नका. थेंबांच्या लहरींनी प्रतिबिंब मोडतं, म्हणून गरीब ठाण्याची गरिबी झाकली जाते. लहरीच्या नॉर्मलने, म्हणजे तिचा पृष्ठभाग ज्या दिशेला वळलाय त्या दिशेने, टेक्श्चरचे सहनिर्देशक हलवा, पण आडवे कमी आणि उभे जास्त. खऱ्या पाण्यावर तिरक्या नजरेने पाहताना दिव्याची प्रतिमा उभी ताणली जाते. पाऊस उघडल्यावर रात्री तलावपाळीला जाऊन नीट पाहा: खिडक्या मोजता येत नाहीत, पण प्रत्येक दिव्याची लांबलचक रेघ तुमच्या पायांपर्यंत येते. ती रेघ आली की डोळा बाकीचं सगळं मान्य करतो. काठाजवळ लहर कमी ठेवा, म्हणजे आधी सांगितलेली भेटीची रेषा फाटणार नाही.

ओल्या रस्त्याला मात्र उलटा कॅमेरा लावू नका. रस्ता सपाट नसतो. त्याला उतार असतो, गतिरोधक असतात, प्रत्येक डबक्याची पातळी निराळी. प्रत्येक पातळीला एक कॅमेरा लागेल. तिथे दोन थर वापरा. खाली भाजलेला रिफ्लेक्शन प्रोब, म्हणजे एका जागेवरून टिपलेला क्यूबमॅप, बॉक्स प्रोजेक्शनसह, बॉक्सचा तळ रस्त्याच्या पातळीला. १२८च्या सहा बाजू, पिक्सेलला ८ बाइट धरले तरी त्याच चित्राच्या लहान आवृत्त्यांसह एक एमबीच होतो, आणि कॉम्प्रेस केला तर त्याहून बराच कमी. प्रोब भाजलेलाच ठेवा, रिअलटाइम नको. युनिटी त्याच्या सहा बाजू अनेक फ्रेम्समध्ये वाटून काढू शकते, पण स्थिर रस्त्यासाठी तोही खर्च कशाला?

प्रोबची एक मर्यादा लक्षात ठेवा. खरखरीत पृष्ठभागासाठी क्यूबमॅप आधीच धूसर करून ठेवण्याची जी पद्धत आज सगळे वापरतात, ती ब्रायन कॅरिसने २०१३च्या सिग्राफ या ग्राफिक्स परिषदेत मांडली होती, आणि तिच्यात नजर पृष्ठभागावर सरळ पडते असं धरलेलं आहे. त्यामुळे रस्त्यावर दिव्याची लांब रेघ न येता गोल डाग येतो. पावसात पाम बीच रोडवर लाल सिग्नलला थांबलात तर रस्त्यावर गोल डाग दिसत नाही, लाल पट्टा दिसतो. तो पट्टा प्रोब देणार नाही. म्हणून वरच्या थरात प्रत्येक महत्त्वाच्या दिव्यासाठी, पाटीसाठी एक उभं ताणलेलं, कडा विरलेलं चित्र रस्त्याखाली उलटं ठेवा आणि शेडरमध्ये बेरजेने मिसळा. एपिक या गेम कंपनीने २०११मध्ये दाखवलेल्या समॅरिटन डेमोमधला पावसातला चकाकता रस्ता अशाच तऱ्हेने, चौकोनी चित्रांच्या प्रतिबिंबांवर उभा होता. तुमच्या चौकात असे दहाबारा दिवे असतील. फोनला ते सहज पेलतात. डबकी कुठे आहेत ते सांगणाऱ्या मास्कने ही चित्रं फक्त ओल्या भागात उजळू द्या. ओल्या डांबराचा मूळ रंग गडद करायला विसरू नका. रस्ता ओला वाटण्यात प्रतिबिंबाइतकाच वाटा त्या गडदपणाचा असतो, आणि तो फुकट मिळतो.

राहिलं रे ट्रेसिंग. २०१८मध्ये बॅटलफील्ड ५ने प्रत्यक्ष गेममध्ये रे ट्रेसिंगची प्रतिबिंबं आणली, आणि आता स्नॅपड्रॅगन ८ जेन २ किंवा अ‍ॅपलच्या ए१७ प्रोसारख्या चिपमध्येही त्याची सोय आहे. पण तुमचा गेम ज्या फोनवर खेळला जाणार, त्यातल्या बहुतेकांत ती नाही. महागड्या पीसीवरसुद्धा पिक्सेलमागे मोजकेच किरण सोडून बाकीचं चित्र ठिपके पुसणाऱ्या डीनॉयझरने सावरलेलं असतं, आणि किरणांसाठीचं जगही बहुधा हलकंच ठेवलेलं असतं. पुढे कधी पीसीची आवृत्ती काढलीत तर हेच गरीब ठाणं तिथे किरणांना दाखवता येईल. केलेलं काम वाया जाणार नाही.

क्रम असा ठेवा: आधी ६४ची चाचणी, मग कॅमेऱ्यावरचे सावल्या वगैरे खर्च बंद, मग ठोकळ्यांचा काठ, मग एचडीआर, आणि लहरी सर्वांत शेवटी. लहरी आधी केल्यात तर खालच्या चुका दिसणार नाहीत. मोजमाप फोन थंड असताना करू नका. पंधरा-वीस मिनिटं गेम चालू द्या, चिप तापून वेग उतरू द्या, आणि तेव्हाचे मिलिसेकंद खरे माना. ते आकडे, फोनचं मॉडेल आणि उलट्या कॅमेऱ्याचे ड्रॉ कॉल मला कळवलेत, तर पुढे नेमकं कुठे कापायचं ते सांगू शकेन.